गोलकीपर ब्रह्मानंद शंखवाळकर : गोव्याच्या मैदानापासून पद्मश्रीपर्यंत

गावच्या मैदानावर फुटबॉल सुरू झाला की एक वाद ठरलेला असतो : गोली कोण होणार? ज्याला पळता येत नाही, जो वयानं लहान आहे किंवा जो उशिरा आला, त्याला गोलपोस्टमध्ये उभं करतात. गोल खाल्ला की सगळे त्याच्यावर ओरडतात, अडवला तर कुणी काही बोलत नाही. फुटबॉलमध्ये सगळ्यात कमी कौतुक वाट्याला येणारी हीच जागा. शेजारच्या गोव्यातल्या एका खेळाडूनं याच जागेवर उभं राहून देशाचं कप्तानपद मिळवलं, अर्जुन पुरस्कार मिळवला आणि पद्मश्रीही. त्यांचं नाव ब्रह्मानंद शंखवाळकर. त्यांची वाटचाल, गोलकीपरच्या कामात झालेले बदल, आणि पनवेल, उरण, कर्जत, अलिबाग अशा तालुक्यांतल्या मुलामुलींना त्यातून काय घेता येईल, याची ही माहिती.

थोडक्यात ओळख

नाव : ब्रह्मानंद शंखवाळकर
जन्म : ६ मार्च १९५४, गोवा
खेळातली जागा : गोलरक्षक (गोलकीपर)
मुख्य क्लब : साळगावकर, गोवा
राज्य संघ : गोवा (संतोष ट्रॉफी विजेतेपद १९८२-८३ संयुक्त, १९८३-८४)
देशाचे कर्णधार : १९८३ ते १९८६
सन्मान : अर्जुन पुरस्कार (१९९७), पद्मश्री (२०२२)
निवृत्तीनंतर : प्रशिक्षण, विशेष करून गोलकीपरना शिकवण्याचं काम

गोव्यात फुटबॉल रुजला कसा?

शंखवाळकर यांचा जन्म झाला तेव्हा गोव्यात पोर्तुगीजांचं राज्य होतं. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला, तेव्हा ते सात वर्षांचे होते. गोव्यात फुटबॉल मात्र त्याच्या कितीतरी आधी आलेला. १८८३ च्या सुमारास विल्यम लायन्स नावाच्या इंग्रज पाद्रींनी शिवोलीत मुलांना हा खेळ शिकवायला सुरुवात केली, असं गोव्याच्या फुटबॉलचा इतिहास सांगतो. शाळेतून खेळ गावात गेला. भात कापून झालं की रिकाम्या शेतात, चर्चसमोरच्या पटांगणात, नाहीतर समुद्राच्या वाळूत खेळ सुरू. आपल्याकडे जानेवारी ते मे या काळात शेतात क्रिकेटच्या स्पर्धा होतात, तसंच तिकडे फुटबॉलचं.

पुढे खाण व्यवसायातल्या मोठ्या घराण्यांनी फुटबॉल संघ उभे केले. साळगावकर, धेंपो, सेझा ही नावं त्यातूनच आली. खेळाडूला नोकरीचा आधार, सरावाला मैदान, वर्षभर सामने अशी व्यवस्था बसली. त्यामुळे छोट्या गावातला मुलगाही फुटबॉलवर घर चालवण्याचा विचार करू शकला. एका खेळाडूच्या कष्टाबरोबर ही व्यवस्थाही लक्षात घ्यायला हवी. अंगात खेळ असलेली मुलं प्रत्येक तालुक्यात असतात. त्यांना रोजचं मैदान आणि दर आठवड्याला सामना मिळतो का, यावर पुढचं बरंच अवलंबून असतं.

क्लबची वर्षं

शंखवाळकर यांची सुरुवात पणवेल स्पोर्ट्स क्लबकडून झाली. नाव ऐकून आपलं पनवेल डोळ्यांसमोर येईल, पण हा क्लब गोव्याचाच. तिथून ते साळगावकर क्लबमध्ये गेले आणि दीड तपाच्या आसपास तिथेच राहिले. कारकिर्दीच्या शेवटी ते चर्चिल ब्रदर्सकडूनही खेळले.

वास्को द गामा इथला साळगावकर क्लब १९५६ मध्ये सुरू झाला. फेडरेशन कपवर तेव्हा कोलकात्याच्या मोठ्या क्लबांचा दबदबा होता. साळगावकरनं तो १९८८ आणि १९८९ असा लागोपाठ दोन वर्षं जिंकला, आणि गोव्याचा क्लब देशात पहिला येऊ शकतो हे सगळ्यांना पटलं. पुढे १९९८-९९ मध्ये याच क्लबनं राष्ट्रीय फुटबॉल लीगही जिंकली.

एकाच क्लबमध्ये इतकी वर्षं काढणं गोलकीपरसाठी जास्त कठीण. पुढच्या फळीत दोन-तीन जागा असतात. एक नाही जमली तर दुसरी मिळते. गोलपोस्टमध्ये जागा एकच. ती एकदा गेली की परत मिळायला वर्ष-दोन वर्षं लागतात, कधीकधी मिळतच नाही. संघात दुसरा गोलकीपर कायम वाट बघत बसलेला असतो. दीड तप ती जागा राखायची म्हणजे दर हंगामात स्वतःला पुन्हा सिद्ध करायचं.

संतोष ट्रॉफी : गोव्याचं पहिलं विजेतेपद

संतोष ट्रॉफी ही राज्यांच्या संघांची राष्ट्रीय स्पर्धा. १९४१ पासून ती होते आणि सगळ्यात जास्त वेळा बंगालनं ती जिंकली आहे. गोव्याच्या नावावर १९८२-८३ पर्यंत एकही विजेतेपद नव्हतं.

त्या वर्षी गोवा अंतिम फेरीत पोचला. समोर बंगाल. निकाल लागलाच नाही. गोल करायला बंगालसारखा संघ उभा असताना गोव्याच्या बचावानं दार बंद ठेवलं, आणि ट्रॉफी दोन्ही संघांना मिळून देण्यात आली. गोव्याचं ते पहिलं विजेतेपद. पुढच्याच वर्षी, १९८३-८४ मध्ये, गोव्यानं पंजाबला अंतिम सामन्यात १-० असं हरवून ट्रॉफी एकट्याच्या नावावर केली. दोन्ही वेळा गोव्याच्या गोलपोस्टमध्ये शंखवाळकर होते.

१-० चा सामना कसा असतो हे खेळणाऱ्यांना ठाऊक आहे. गोल करणाऱ्याचं नाव पेपरात येतं, पण उरलेला सगळा वेळ समोरच्या संघाला बरोबरी करू न देणं हे मागच्या माणसांचं काम. एक चेंडू हातातून निसटला की सगळं मुसळ केरात. गोव्यानं नंतर १९८९-९०, २००५-०६ आणि २००८-०९ मध्येही ही स्पर्धा जिंकली, पण पहिल्या दोन विजेतेपदांनी वाट मोकळी केली.

देशाचं कप्तानपद

१९८२ मध्ये दिल्लीत आशियाई क्रीडा स्पर्धा झाल्या. तेव्हा भारतीय फुटबॉल संघाचे कर्णधार होते बंगालचे गोलकीपर भास्कर गांगुली. भारत उपांत्यपूर्व फेरीत सौदी अरेबियाकडून ०-१ असा हरला. त्यानंतर १९८३ ते १९८६ या काळात कप्तानपद शंखवाळकर यांच्याकडे आलं. म्हणजे एका गोलकीपरनंतर पुन्हा गोलकीपरच.

गोलकीपरला कर्णधार करण्यामागे साधं कारण आहे. अख्खं मैदान समोर दिसतं असा संघातला तो एकटाच. बाकीच्यांच्या पाठीमागे काय चाललंय ते त्यांना कळत नाही, त्याला कळतं. त्यामुळे तो सतत बोलत असतो. “डावीकडे बघ”, “पुढे ये”, “त्याला धर”, “सोड, माझा!” जो गोलकीपर गप्प उभा राहतो, त्याच्यापुढचे बचावपटू आंधळ्यासारखे खेळतात. गोव्याचा माणूस देशाचा कर्णधार होणं ही तेव्हाच्या गोव्यासाठी मोठी गोष्ट होती, कारण राष्ट्रीय संघात बंगालच्या खेळाडूंचा भरणा असायचा.

त्यांच्या काळची गोलकीपिंग आणि आजची

शंखवाळकर खेळायला लागले त्या काळचे नियम आणि आजचे नियम यांत बराच फरक आहे. मुलांना शिकवताना हे माहीत असलेलं बरं.

गोलपोस्टचं माप तेच आहे : ७.३२ मीटर रुंद, २.४४ मीटर उंच. म्हणजे २४ फूट बाय ८ फूट. पेनल्टी ११ मीटरवरून मारतात. चेंडू ताशी ८० किलोमीटरनं आला तर तो अर्ध्या सेकंदात गोलपाशी पोचतो. तेवढ्यात बघायचं, ठरवायचं आणि उडी मारायची.

पूर्वी पेनल्टीच्या वेळी चेंडूला लाथ बसेपर्यंत गोलकीपरला पाय हलवता येत नसत. १९९७ पासून त्याला गोलरेषेवर डावी-उजवीकडे सरकता येतं. आताच्या नियमात लाथ बसते त्या क्षणी किमान एका पायाचा काही भाग रेषेवर, रेषेच्या वर किंवा रेषेच्या मागे असावा लागतो.

स्वतःच्या खेळाडूनं पायानं मुद्दाम मागे दिलेला चेंडू पूर्वी गोलकीपर हातात घेऊ शकत होता. १९९२ पासून ते बंद झालं. तेव्हापासून गोलकीपरला पायानं खेळणंही यावं लागतं. शंखवाळकर यांच्या कारकिर्दीच्या अगदी शेवटी हा बदल आला.

चेंडू हातात घेऊन चार पावलांहून जास्त चालायचं नाही, असा नियम त्यांच्या काळात होता. नंतर सहा सेकंदांची मर्यादा आली. जुलै २०२५ पासून ती आठ सेकंदांची झाली, पण शिक्षा बदलली. आठ सेकंदांपेक्षा जास्त वेळ चेंडू हातात धरला तर समोरच्या संघाला कॉर्नर मिळतो. शेवटची पाच सेकंदं रेफरी हात वर करून बोटांनी मोजून दाखवतो. गावच्या स्पर्धांमध्ये हा नियम बऱ्याच जणांना अजून माहीत नसतो आणि त्यावरून भांडणं होतात.

सन्मान मिळाले, पण उशिरा

शंखवाळकर १९८६ पर्यंत देशाचे कर्णधार होते. अर्जुन पुरस्कार मिळाला १९९७ मध्ये, म्हणजे कप्तानपद सुटून अकरा वर्षांनी. तेव्हा ते ४३ वर्षांचे होते. पद्मश्री जाहीर झाली २०२२ मध्ये, त्यांच्या वयाच्या अडुसष्टाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर. गोव्याचेच ब्रुनो कुतिन्हो यांना अर्जुन मिळाला तो त्यांच्यानंतर, २००१ मध्ये.

उशीर होण्यामागे गोलकीपरच्या जागेचाही हात असतो. पुरस्कार देताना गोल मोजले जातात. अडवलेले गोल मोजायची पद्धत आपल्याकडे जुन्या काळात नव्हतीच. जगातही फारसं वेगळं नाही. जगातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूला मिळणारा बॅलन डी ओर हा पुरस्कार आजवर एकाच गोलकीपरला मिळाला आहे : सोव्हिएत संघाच्या लेव्ह याशिन यांना, १९६३ मध्ये.

खेळाडू ते प्रशिक्षक

खेळ थांबल्यावर शंखवाळकर प्रशिक्षणाकडे वळले आणि गोलकीपरना शिकवण्यावर त्यांनी भर दिला. भारतात त्यांच्या पिढीला हे शिक्षण फारसं मिळालं नव्हतं. संघाला एकच कोच असे. तो दहा जणांना पळवायचा, पास शिकवायचा, आणि गोलकीपरला शेवटी गोलपोस्टमध्ये उभं करून सगळ्यांना शॉट मारायला सांगायचा. तोच त्याचा सराव. पडायचं कसं, उठायचं कसं, कुठे उभं राहायचं, हे गोलकीपर आपलं आपणच शिकायचा, दुखापती सोसून.

गोलकीपर कोचचं काम वेगळं असतं. तो आधी हात शिकवतो : छातीच्या वर आलेल्या चेंडूसाठी दोन्ही अंगठे जवळ, खालच्या चेंडूसाठी करंगळ्या जवळ, आणि हातांच्या मागे कायम अंग. मग पाय : उडी मारण्याआधी एक छोटं पाऊल बाजूला. मग जागा : चेंडू आणि गोलचा मध्य यांना जोडणाऱ्या रेषेवर उभं राहायचं, आणि चेंडूवाला एकटा आला की पुढे सरकून त्याला दिसणारं गोल लहान करायचं. शेवटी मन : गोल गेला तर पुढच्या मिनिटाला तो विसरायचा. हे शेवटचं सगळ्यात अवघड, आणि स्वतः गोल खाल्लेला माणूसच ते नीट शिकवू शकतो.

निवृत्त गोलकीपर चांगले कोच होतात याची आणखी उदाहरणं आहेत. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत भारतानं दक्षिण कोरियाला २-१ असं हरवून सुवर्ण जिंकलं. त्या अंतिम सामन्यात गोलपोस्टमध्ये पीटर थंगराज होते. त्यांना १९६७ मध्ये अर्जुन मिळाला. खेळणं सोडल्यावर त्यांनीही प्रशिक्षणच केलं आणि त्यांची अखेरची वर्षं बोकारोत गेली.

महाराष्ट्राचा गोलकीपर : नारायण

महाराष्ट्रालाही ऑलिंपिकचा गोलकीपर मिळाला होता, पण आज फार थोड्यांना त्यांचं नाव आठवतं. एस. एस. नारायण, मैदानावरचे “बाबू”. जन्म १२ नोव्हेंबर १९३४, मूळ केरळचे, पण वाढले आणि खेळले मुंबईत. माटुंगा अॅथलेटिक क्लब, कॅल्टेक्स, मग टाटा असा त्यांचा प्रवास. कॅल्टेक्सनं १९५८ चा रोव्हर्स कप जिंकला. १९६३-६४ मध्ये महाराष्ट्रानं संतोष ट्रॉफी जिंकली, तो काळही त्यांचाच.

१९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारताच्या संघात थंगराज आणि नारायण हे दोन गोलकीपर होते. भारतानं ऑस्ट्रेलियाला ४-२ असं हरवलं. त्यात मुंबईचेच नेव्हिल डिसोझा यांची हॅटट्रिक होती. उपांत्य फेरीत युगोस्लाव्हियाकडून आणि कांस्यपदकाच्या सामन्यात बल्गेरियाकडून भारत हरला आणि चौथा आला. भारतीय फुटबॉलची ऑलिंपिकमधली ती आजवरची सर्वोत्तम कामगिरी. १९६० च्या रोम ऑलिंपिकच्या संघातही नारायण होते. ते महाराष्ट्राकडून बास्केटबॉलही खेळले. बास्केटबॉलमध्ये हातांचं काम, उंच उडी आणि चेंडू हवेत पकडणं हे सगळं येतं, ते गोलपोस्टमध्ये कामी येतंच. ५ ऑगस्ट २०२१ रोजी, वयाच्या ८६ व्या वर्षी त्यांचं निधन झालं.

नवी मुंबई : आपल्या दारात आलेला फुटबॉल

गोवा, कोलकाता लांब वाटतील, पण गेल्या काही वर्षांत जागतिक फुटबॉल थेट नेरूळला येऊन गेला. डी. वाय. पाटील स्टेडियमवर २०१७ मध्ये १७ वर्षांखालील मुलांच्या विश्वचषकाचे सामने झाले. माली आणि स्पेन यांचा उपांत्य सामना इथलाच. त्याआधी १५ सप्टेंबर २०१७ ला राज्यभरातल्या शाळांत फुटबॉल खेळवला गेला, ते अनेकांना आठवत असेल. झेडपीच्या शाळांतही चेंडू पोचले होते. त्या विश्वचषकात भारताकडून खेळलेल्यांत कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता.

२०२२ मध्ये याच मैदानावर महिलांच्या आशियाई चषकाचा अंतिम सामना झाला. चीननं दोन गोलांची पिछाडी भरून काढत दक्षिण कोरियाला ३-२ असं हरवलं. त्याच वर्षी ३० ऑक्टोबरला १७ वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाची अंतिम लढत इथेच झाली आणि स्पेननं कोलंबियाला १-० नं नमवलं.

नेरूळच्या मैदानावरच २० जानेवारी २०२२ ला भारताच्या महिला संघानं आशियाई चषकात इराणशी ०-० अशी बरोबरी केली. भारताची गोलकीपर होती अदिती चौहान. तिनं एकही गोल जाऊ दिला नाही. पण लगेच संघातल्या बऱ्याच जणींना कोरोना झाल्याचं निघालं. २३ जानेवारीला तैवानविरुद्ध मैदानात उतरवायला पुरेशा खेळाडूच उरल्या नाहीत आणि भारताची स्पर्धा तिथेच संपली. सामना न खेळता, घरच्याच मैदानावर. अदिती २०१५ मध्ये इंग्लंडला वेस्ट हॅम युनायटेडच्या महिला संघात गेली होती. २०२५ मध्ये तिनं निवृत्ती घेतली. मुलींना फुटबॉल शिकवण्यासाठी तिनं अकादमीही काढली आहे. गोलपोस्टमधून शिकवण्याकडे जाणारी ही वाट आता मुलींसाठीही उघडी आहे.

खारघरला सिडकोचं फुटबॉल सेंटर ऑफ एक्सलन्सही उभं राहिलं आहे. पनवेल, उरण भागातल्या मुलांसाठी चांगलं गवती मैदान कसं असतं ते बघायला आता गोव्याला जायची गरज नाही.

गावात गोलकीपर घडवायचा तर

आपल्या तालुक्यांत कबड्डी आणि क्रिकेट घराघरात आहे. गोलकीपर शोधायला तीच चांगली जागा. कबड्डी खेळणारा पोरगा पडायला घाबरत नाही. क्रिकेटमध्ये विकेटकीपिंग करणाऱ्याची नजर आणि हात तयार असतात. अशा मुलामुलींना गोलमध्ये उभं करून बघा. ज्याला खेळता येत नाही त्याला गोली करायची सवय आधी मोडायला हवी.

सुरुवात मऊ जमिनीवर करा. कापणीनंतरचं शेत दगडासारखं कडक होतं, त्यावर झेप घ्यायला लावू नका. अलिबाग-उरणच्या पोरांना वाळू आहे. बाकीच्यांनी जाडसर पेंढा पसरून त्यावर ताडपत्री टाकली तरी चालतं. आधी बसून बाजूला पडणं, मग गुडघ्यावरून, मग उभ्यानं, अशा पायऱ्या ठेवा. पडताना कोपर किंवा हाताचा पंजा आधी टेकवायचा नाही. मांडी, कंबर, खांदा असं अंग बाजूनं टेकवायचं.

रोज वीस मिनिटं भिंतीवर चेंडू मारून पकडणं, हा बिनपैशाचा उत्तम सराव. हातमोजे नसले तरी सुरुवातीला अडत नाही. लांब बाह्यांचा शर्ट आणि गुडघ्याला पट्टी मात्र असावी.

दोन गोष्टींत अजिबात हयगय नको.

पहिली, गोलपोस्ट. हलवता येणारे लोखंडी गोलपोस्ट मागून जमिनीत खुंट्या ठोकून किंवा मागच्या दांड्यावर वाळूची पोती ठेवून पक्के करा. मुलं आडव्या दांड्याला लोंबकळतात आणि अख्खा सांगाडा अंगावर येतो. यात जीवही जाऊ शकतो. खेळ संपल्यावर सैल गोलपोस्ट उभा ठेवू नका, जमिनीवर आडवा करून ठेवा.

दुसरी, डोक्याचा मार. गोलकीपर लोकांच्या पायांत झेप घेतो, त्यामुळे हा धोका त्याला जास्त. २००६ मध्ये इंग्लंडमधल्या एका सामन्यात चेल्सीचा गोलकीपर पेत्र चेक याची कवटी फुटली. पुढे निवृत्तीपर्यंत तो डोक्याला संरक्षक टोपी घालून खेळला. डोक्याला मार लागल्यावर मूल गोंधळलं, उलटी झाली, चक्कर आली, डोळ्यांसमोर धूसर झालं, काही आठवेना, तर त्याला त्या दिवशी परत खेळवायचं नाही आणि लगेच डॉक्टरकडे न्यायचं. “काही होत नाही, उठ” असं म्हणून पुन्हा उभं करणं महागात पडतं. फायनल असली तरी.

पुढची वाट

शाळेतल्या मुलांसाठी सुब्रतो कप ही मोठी स्पर्धा. १९६० पासून ती होते. शाळेनं जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयामार्फत नाव नोंदवायचं असतं. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्या चढत संघ दिल्लीपर्यंत जातो. नाव नोंदवायची तारीख चुकली की वर्ष गेलं, म्हणून पालकांनी शाळा उघडल्यावर क्रीडा शिक्षकांना विचारून ठेवावं.

राज्य आणि राष्ट्रीय पातळीवर खेळलेल्या मुलांना नियमानुसार दहावी-बारावीत वाढीव गुण मिळतात. सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे, त्यात कोणती स्पर्धा धरली जाते हे शासन निर्णयात दिलेलं असतं. त्यामुळे प्रत्येक स्पर्धेचं प्रमाणपत्र जपून ठेवा. स्पर्धा कोणत्या संघटनेनं घेतली ते त्यावर स्पष्ट असलं पाहिजे. नुसत्या चषकाचा फोटो पडताळणीत चालत नाही.

खेळणं सुटलेल्या तरुणांसाठी प्रशिक्षणाची वाट आहे. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचे प्रशिक्षक परवाने डी, सी, बी, ए असे चढत जातात. गावपातळीवर शिकवणाऱ्यानं डी पासून सुरुवात करायची. गोलकीपर कोचसाठी वेगळे अभ्यासक्रम आहेत. महाराष्ट्रात फुटबॉलचा कारभार वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन, म्हणजे विफा, बघते. अभ्यासक्रम कधी आणि कुठे होणार हे तिथे किंवा जिल्हा फुटबॉल संघटनेकडे कळतं. गोलकीपरना शिकवणारे कमी आहेत, त्यामुळे जो गोलमध्ये दहा वर्षं उभा राहिला आहे त्याला या कामात जागा आहे.

शंखवाळकर ज्या जागेवर उभे राहिले ती जागा प्रत्येक गावाच्या मैदानावर आहे. दोन दगड ठेवून आखलेली असली तरी. पुढच्या वेळी पोरं खेळायला जमली आणि “गोली कोण?” असा वाद सुरू झाला, तर त्यांना सांगा : देशाचा कप्तान याच जागेवरून झाला होता.